बगॅसची राख, चार विद्यार्थी आणि ग्रंथालय : एक प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातले एक खासगी, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय. स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षातला चौघांचा गट. विषय : साखर कारखान्यातल्या बगॅसची, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्याची, राख वापरून काँक्रीटमधले काही टक्के सिमेंट वाचवणे. पहिल्या रिव्ह्यूला गाइड सरांनी त्यांचे लिटरेचर सर्व्हेचे, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचे, प्रकरण परत केले आणि गटाला ग्रंथालयात पाठवले. मी तिथली ग्रंथपाल. पुढच्या काही महिन्यांत विषय तोच राहिला, प्रश्न मात्र पार बदलला, आणि चाचणीसाठीचा काँक्रीटचा एकही क्यूब (ठोकळा) ओतायच्या आधी बदलला. हे कसे घडले ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या महाविद्यालयांत ‘आपल्याकडे संशोधनाचे साहित्यच नाही’ हे इतक्या खात्रीने बोलले जाते की शोधायला कोणी बसतच नाही.

काय घेऊन आले होते

हातात पंचवीस-तीस पेपरांची यादी होती. सगळ्यांच्या पीडीएफ फोनमध्ये उतरवलेल्या. “मॅडम, चांगले पेपर उघडतच नाहीत, पैसे मागतात. जे उघडले ते घेतले,” गटातली एक मुलगी म्हणाली. अडचणीचे मूळ तिने एका वाक्यात सांगितले. पेपर विषय बघून निवडलेच नव्हते. फुकट उघडला तो यादीत आला होता.

त्यांतले दोन पेपर आम्ही छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत राखेच्या रासायनिक पृथक्करणाचा तक्ता होता : सिलिका इतकी, अ‍ॅल्युमिना इतके, लोह ऑक्साइड इतके. एका पेपरातली राख एका राज्यातली, दुसऱ्यातली दुसऱ्या राज्यातली, आणि आकडे मात्र दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या अंकापर्यंत तेच. मला काही समजावून सांगावे लागले नाही. मुलगा एक ओळ वाचायचा, मुलगी दुसऱ्या कागदावर बोट ठेवायची, आणि चौथ्या ओळीला दोघेही थांबले. राख कुठल्या कारखान्याची, बॉयलरच्या कुठल्या भागातून घेतलेली, चाळली का, दळली का, याबद्दल दोन्ही पेपरांत एक शब्द नव्हता.

असल्या नियतकालिकांचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) तेव्हाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिके त्यांनी तपासली, तेव्हा निकषांवर ११२ टिकली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालवली जाणारी यूजीसी-केअर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर आहे, आणि ती पेलायला शिकवणारी जागा महाविद्यालयात ग्रंथालयच असू शकते असे माझे ठाम मत आहे. मी मुलांना नियतकालिकांची नावे पाठ करायला सांगत नाही. एवढेच सांगते की पेपरातला ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ हा विभाग आधी वाचा. तो वाचून तोच प्रयोग तुम्हाला आपल्या लॅबमध्ये पुन्हा करता येणार नसेल, तर निष्कर्ष वाचण्यात वेळ घालवू नका. या एका कसोटीवर त्यांच्या यादीतले पाच-सहा पेपर उरले.

आधी घरचे कपाट

बाहेर शोधायला जाण्याआधी मी त्यांना मागच्या खोलीतल्या जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टांच्या कपाटाकडे नेले. मुले त्यांना ब्लॅक बुक म्हणतात. काळे रेक्झिन, सोनेरी अक्षरे, आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झाल्यावर कोणी हात न लावलेली. ग्रंथालयाची सूची आम्ही ‘कोहा’ या मुक्त संगणकप्रणालीवर ठेवतो. तिथे ‘बगॅस’ टाकून शोधले तर एकच रिपोर्ट सापडला. बाकीचे हाताने शोधावे लागले, कारण एकाच्या नावात ‘अ‍ॅग्रो वेस्ट’ होते आणि एकाच्या नावात नुसतेच ‘इको-फ्रेंडली काँक्रीट’. असे तीन रिपोर्ट निघाले. याच महाविद्यालयात, याच विषयावर, आधीच्या मुलांनी केलेले.

गट जरा हिरमुसला. विषय झालेला आहे म्हणजे आपला गेला, अशी त्यांची समजूत. मी तिन्ही रिपोर्टांतले, काँक्रीट ओतल्यावर २८ दिवसांनी मोजलेल्या ताकदीचे तक्ते काढायला लावले. सिमेंटचा ग्रेड जवळपास सारखा, वाळू परिसरातलीच, राखही एकाच कारखान्याची. तरीही एका रिपोर्टात ताकद थोडी वाढलेली, दुसऱ्यात पहिल्या पायरीपासून घसरलेली, तिसऱ्यात आधी वाढून मग घसरलेली. प्रत्येकाने आपापला ‘ऑप्टिमम पर्सेंटेज’ ठामपणे लिहिला होता आणि कोणीही मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडलेला नव्हता.

“मॅडम, यातलं बरोबर कुठलं?” एकाने विचारले.

तिन्ही बरोबर असतील तर काय, असे मी त्यालाच विचारले. मोजमापे चुकली नसतील, तर राखच वेगळी असणार. एकाच कारखान्यातून आलेली राख तीन वर्षी तीन तऱ्हेची कशी निघते? प्रश्न पहिल्यांदा मांडला गेला तो असा, त्या कपाटापुढे उभे राहून. ‘किती टक्के राख घालावी’ हे मागे पडले आणि ‘राख नेमकी कुठली, कशी जळालेली’ हे पुढे आले.

कुठल्याही महाविद्यालयातला सगळ्यात दुर्लक्षित संशोधन-संग्रह हाच असतो. त्यात लेखनाच्या चुका असतात, उचललेले परिच्छेद असतात, हे मान्य. पण स्थानिक वाळूचे, स्थानिक खडीचे, इथल्या पाण्याचे, इथल्या राखेचे आकडे जगातल्या कुठल्याही डेटाबेसमध्ये नाहीत. ते त्या काळ्या पुस्तकांतच आहेत.

मांडणीवरचे विखुरलेले पुस्तक

मुलांचे ग्रंथालय म्हणजे ६२४ चा रॅक. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्युई दशांश पद्धतीत स्थापत्य अभियांत्रिकी ६२४ वर येते, काँक्रीटचे बांधकाम ६२४.१८३४ वर. तिथे परीक्षेची सगळी पुस्तके मिळतात, म्हणून तिथून पुढे कोणी जात नाही. पण काँक्रीट हा पदार्थ म्हणून ६२०.१३६ वर आहे. सिमेंट आणि चुना यांचे उत्पादन ६६६.९ वर, केमिकलवाल्यांच्या बाजूला. बांधकाम साहित्य ६९१ वर, साखरनिर्मिती ६६४.१ वर आणि बॉयलर ६२१.१८ वर, यंत्र शाखेच्या रॅकमध्ये. राखेचा विषय या सहा ठिकाणी पसरलेला आहे. ‘राखेवरचे पुस्तक’ मागितले तर ग्रंथालयात ते नाही, आणि या सहा रॅकांसमोर थांबले तर पुरेसे आहे.

६६६.९ वरच्या एका जुन्या पुस्तकात पोझोलानाचे, म्हणजे सिमेंटला जोड देणाऱ्या राखेसारख्या पदार्थांचे, प्रकरण मिळाले. सिमेंटची पाण्याशी अभिक्रिया होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोकळे होते, त्याच्याशी राखेतली सिलिका जोडली जाते आणि ताकद देणारे आणखी संयुग तयार होते. पण सिलिका अस्फटिक असेल तरच. फार तापलेल्या भट्टीत तिचे स्फटिक होतात आणि मग ती बारीक वाळूसारखी नुसती जागा भरते. उसाबरोबर शेतातली माती-वाळू येते तिचे क्वार्ट्झही राखेत असतेच. पृथक्करणात ‘सिलिका सत्तर टक्के’ आले म्हणून आनंद मानायचा नसतो, कारण त्यातली कामाची किती आणि वाळू किती हे तो आकडा सांगत नाही. हे गटाला इथे कळले, आणि त्यासाठी कुठलीही वर्गणी लागली नाही.

शोधशब्द आणि मागे-पुढे जाणारी साखळी

आता गूगल स्कॉलर. सुरुवातीला मुले पूर्ण शीर्षकच टाइप करत होती : अमुकचा तमुकमध्ये अंशतः वापर. तसे शोधले की तशाच शीर्षकाचे पेपर मिळतात, म्हणजे पुन्हा तीच यादी. आम्ही एका कागदावर तीन रकाने पाडले. पहिल्यात पदार्थाची नावे, दुसऱ्यात त्याच्या गुणधर्माची, तिसऱ्यात प्रक्रियेची. पदार्थाच्या रकान्यात ‘शुगरकेन’ जोडून आणि ‘शुगर केन’ तोडून, दोन्ही लिहावे लागले. ब्राझीलमधले संशोधक बऱ्याचदा तोडून लिहितात, आणि अवतरण चिन्हांत एकच रूप टाकले तर दुसऱ्या रूपातले पेपर निसटतात. गुणधर्माच्या रकान्यात ‘पोझोलानिक अ‍ॅक्टिव्हिटी’, ‘लॉस ऑन इग्निशन’ (तापवल्यावर घटणारे वजन), ‘फाइननेस’ (बारीकपणा). प्रक्रियेच्या रकान्यात ‘ग्राइंडिंग’, ‘सिव्हिंग’, ‘कॅल्सिनेशन’ (भट्टीत भाजणे). ‘काँक्रीट’ हा शब्द आम्ही मुद्दाम काढून टाकला. तो काढल्यावर टक्केवारीचे पेपर मागे पडले आणि राखेवरचे पुढे आले.

पहिल्याच पानावर आयआयटी मद्रासच्या बहुरुदीन आणि मनू संथानम यांचा २०१५ चा पेपर आला. ‘सिमेंट अँड काँक्रीट कंपोझिट्स’ या नियतकालिकातला. राखेवर कुठली प्रक्रिया केली तर तिची पोझोलानिक क्षमता किती बदलते, नेमका हाच विषय. ३०० मायक्रॉनच्या चाळणीने तंतुमय, अर्धवट जळलेले कण वेगळे काढायचे आणि मग राख सिमेंटइतकी बारीक दळायची, हा त्यांचा निष्कर्ष. ३०० मायक्रॉनची चाळणी आमच्या लॅबच्या सेटमध्ये आहेच.

त्या पेपरची संदर्भसूची म्हणजे मागे जायचा रस्ता आणि ‘साइटेड बाय’, म्हणजे त्याचा हवाला देणाऱ्या नंतरच्या पेपरांची यादी, हा पुढे यायचा. मागे गेल्यावर १९९८ चा क्यूबातला पेपर लागला, मार्तिरेना हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांचा, ‘सिमेंट अँड काँक्रीट रिसर्च’मधला. त्यात उसाच्या पाचटाची राख चांगली सक्रिय ठरली होती, पण बॉयलरमधली बगॅसची राख नाही. कारण दिले होते भट्टीतले जास्त तापमान आणि अपुरे ज्वलन. नंतर २००७ चा गणेशन, राजगोपाल आणि थंगवेल यांचा भारतातला पेपर. तो सांगतो की २० टक्क्यांपर्यंत सिमेंट बदलता येते. हा २० टक्क्यांचा आकडा गटाच्या जुन्या यादीत ठिकठिकाणी उद्धृत होता. मूळ पेपर उघडल्यावर दिसले की ती राख कारखान्यातून आणून तशीच वापरलेली नव्हती, पुन्हा जाळून बारीक केलेली होती. हा तपशील उद्धृत करणाऱ्यांनी गाळला होता. त्याच सुमाराचे ब्राझीलमधल्या कोर्डेरो आणि सहकाऱ्यांचे पेपर राखेची क्रियाशीलता तिच्या बारीकपणावर कशी ठरते ते दाखवतात.

क्यूबा ‘नाही’ म्हणते, तमिळनाडू ‘हो’ म्हणते, ब्राझील म्हणते ‘किती दळली ते सांगा’. आमच्या कपाटातल्या तीन रिपोर्टांचे भांडण जगभर याच मुद्द्यावर झालेले होते. हे उमजले त्या दुपारी गटाचे लिटरेचर सर्व्हे खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्याआधी ते ‘अमुकने असे केले, तमुकने तसे केले’ अशा परिच्छेदांची माळ होते. आता त्यात एक वाद होता, बाजू होत्या, आणि आपण कुठे उभे राहायचे हा सवाल होता.

पेपर मिळवायचा कसा

इथे परिस्थिती नीट सांगायला हवी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या ६,३०० हून अधिक संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तिचे काम बघते. योजना मोठी आहे, तिचे स्वागतच आहे. पण खासगी विनाअनुदानित महाविद्यालये तिच्या या टप्प्यात बसत नाहीत. त्याआधीची, ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणारी एन-लिस्ट योजना कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांसाठी. अभियांत्रिकी तिच्या बाहेर. महाराष्ट्रात अभियांत्रिकीची बहुसंख्य मुले खासगी महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यातला गुणी मुलगा सरकारी महाविद्यालयातल्या मुलापेक्षा काही किलोमीटर लांब बसतो एवढ्यानेच त्याला पेपर बंद असावा, हे मला अन्यायाचे वाटते, आणि खासगी महाविद्यालयांना या योजनेत घेणे ही तातडीची गरज वाटते.

तोवर कायदेशीर वाटा आहेत, आणि त्या समजतो त्यापेक्षा रुंद आहेत. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ बसवले की पेपरची मोफत प्रत कुठे कायदेशीरपणे ठेवलेली असेल तर ती कडेला दिसते. गूगल स्कॉलरवर ‘ऑल व्हर्शन्स’ उघडले की लेखकाने आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवलेली प्रत मिळते. एक पेपर असा मिळाला. एकासाठी मुलीने लेखकांनाच मेल लिहिला. कोण आहोत, काय करतो आहोत आणि तुमच्या पेपरमधला कुठला भाग हवा आहे, इतकेच चार ओळींत. उत्तराबरोबर पीडीएफ आली. मेलमध्ये प्रश्न नेमका असेल तर लेखक सहसा उत्तर देतात, कारण आपले काम कोणी खरेच वाचते आहे हे त्यांनाही हवे असते. दोन पेपर डेलनेटमार्फत मागवले. दिल्लीचे हे ग्रंथालयांचे जाळे १९८८ पासून आहे, कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालये त्याची सभासद आहेत, आणि दुसऱ्या ग्रंथालयातला लेख मागवता येतो हे त्या महाविद्यालयांतल्या मुलांच्या कानावरही आलेले नसते.

उरलेल्यांसाठी गट जवळच्या राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. तिथे जाताना माझ्या सहीचे पत्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि हव्या असलेल्या पेपरांची डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख) क्रमांकांसह छापील यादी सोबत दिली होती. यादीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिथे जाऊन ‘काही मिळतेय का बघू’ म्हणणारा दिवसभर स्क्रोल करून रिकामा परततो. यादी असलेल्याचे काम जेवणाच्या सुट्टीआधी होते.

पायरेटेड संकेतस्थळांबद्दल मुले विचारतात, तेव्हा मी टाळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तशा संकेतस्थळांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, हे सांगते. ग्रंथालय म्हणून तो रस्ता आम्ही दाखवत नाही, आणि या प्रकल्पात त्याची गरजही पडली नाही.

शोधगंगा हा आमच्या मुलांचा सर्वांत मोठा आधार ठरला. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे जमा होतात, आणि ते सगळ्यांना खुले आहेत. अण्णा विद्यापीठाचे प्रबंध तर विपुल. तिथे प्रबंध एका फाइलमध्ये नसतो, प्रकरणांगणिक तुकडे असतात : शीर्षकपृष्ठ वेगळे, प्रमाणपत्र वेगळे, दुसरे प्रकरण वेगळे. मुले पहिली फाइल उघडतात, फक्त मुखपृष्ठ दिसते आणि ‘यात काही नाही’ म्हणून बंद करतात. मी त्यांना आधी साहित्य आढाव्याचे प्रकरण आणि मग थेट परिशिष्ट उघडायला सांगितले. पेपरला पानांची मर्यादा असते, तिथे अपयशी मिश्रणे गाळली जातात. प्रबंधाच्या परिशिष्टात ती असतात. एका प्रबंधात संशोधकाने कारखान्यातून नमुने कसे गोळा केले, कुठल्या पोत्यात भरले, ओली राख किती वेळ वाळवली हे पानभर लिहिले होते. गटाने नमुना गोळा करण्याची पद्धत जवळपास तशीच ठेवली, आणि तसे रिपोर्टात श्रेयासह नमूद केले.

नॅशनल डिजिटल लायब्ररीवरही शोधले. पाठ्यपुस्तकी साहित्यासाठी ती उत्तम, या कामाला फारशी उपयोगी पडली नाही.

जुनी मानके

लोखंडी कपाटात भारतीय मानकांच्या बांधीव प्रती आहेत. पिढ्यान्‌पिढ्या प्रोजेक्टांनी त्याच वापरल्या. गटाच्या पहिल्या मसुद्यात खडी-वाळूसाठी आयएस ३८३ : १९७०, मिक्स डिझाइनसाठी आयएस १०२६२ : २००९ आणि सिमेंटसाठी आयएस १२२६९ होते. मागच्या रिपोर्टांतून जसेच्या तसे आलेले. आयएस ३८३ ची २०१६ मध्ये नवी आवृत्ती आली. आयएस १०२६२ ची २०१९ मध्ये. ५३ ग्रेड सिमेंटचे आयएस १२२६९ तर आता आयएस २६९ : २०१५ मध्येच सामावले आहे. ताकदीच्या चाचणीचे आयएस ५१६ हे १९५९ चे मानकही विभागवार नव्याने आले, आणि क्यूब दाबण्याचा भाग २०२१ चा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की भारतीय मानके मोफत उतरवता येतात, त्यामुळे जुनी आवृत्ती वापरायला आता कुठलीही सबब उरलेली नाही.

मानकांनी आणखी एक गोष्ट उघड केली, आणि माझ्या मते ती या प्रकरणातली सर्वांत मोलाची. गटाने लिहिले होते की आयएस ३८१२ नुसार बगॅसची राख योग्य आहे. मानक उघडून पहिल्या पानावरची व्याप्ती वाचली. ते दळलेल्या कोळशाच्या राखेसाठी आहे, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातल्या फ्लाय अ‍ॅशसाठी. अमेरिकेतले एएसटीएम सी ६१८ हे मानकसुद्धा कोळशाची राख आणि नैसर्गिक पोझोलाना यांच्यासाठीच. संशोधक त्यांच्या मर्यादा तुलनेपुरत्या वापरतात, ते ठीक. पण ‘मानकानुसार योग्य’ हे विधान चूक. गटाने ते वाक्य बदलले : बगॅसच्या राखेसाठी ही मानके नाहीत, त्यांतल्या मर्यादा तुलनेसाठी घेतल्या आहेत. चाचणीची पद्धत मात्र आयएस १७२७ मधून घेता आली, पोझोलानिक पदार्थांच्या चाचण्यांचे ते मानक आहे आणि चुन्याशी होणारी अभिक्रिया मोजायची पद्धत त्यात दिलेली आहे.

साखरेच्या बाजूने

इथवर सगळे साहित्य काँक्रीटवाल्यांचे होते. त्यांच्या दृष्टीने राख म्हणजे ट्रॉलीतून येणारा काळा माल. ती तयार कशी होते ते ६६४.१ आणि ६२१.१८ च्या रॅकांत होते. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये सुरू झालेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची आणि डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशनची प्रकाशने साखर कारखान्यांच्या बॉयलरबद्दल इतक्या बारकाईने लिहितात की स्थापत्यच्या मुलांना ती कधी दाखवलीच जात नाहीत याचे वाईट वाटते. मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते. ती शेगडीवर जळते, जड राख खाली साठते, हलकी राख धुराबरोबर वर जाते आणि धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेत अडकते. जिथे वेट स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारी यंत्रणा, आहे तिथे ती पाण्यात उतरते आणि गाळ होऊन बाहेर येते. पुढे दोन्ही राखा एकाच ढिगावर जातात.

गटातल्या एका मुलाचे काका त्याच कारखान्यात बॉयलर हाऊसला आहेत. पुस्तकातली आकृती घेऊन मुलगा त्यांच्याकडे गेला. काकांनी बोट ठेवून सांगितले, राख इथून निघते, इथून निघते, आणि तुमचे आधीचे लोक नेत होते ती त्या ढिगावरून, जिथे ट्रॅक्टर उभा राहील तिथून. ओल्या बगॅसच्या दिवसांत राख काळी पडते, हेही त्यांनीच सांगितले. तीन ब्लॅक बुकांतल्या तीन निकालांमागे ढिगाची कुठली बाजू होती ते आता कोणी सांगू शकणार नाही, पण कारण कुठे शोधायचे ते कळले.

मग प्रयोग

प्रयोग साधा ठेवला. शेगडीखालची राख आणि स्क्रबरची राख वेगळी गोळा केली, दोन्ही वाळवल्या, प्रत्येकीचा एक भाग तसाच आणि एक भाग ३०० मायक्रॉनने चाळून दळलेला. आधीच्या कुठल्याच रिपोर्टात नसलेली एक मोजणी पहिल्यांदा केली : लॉस ऑन इग्निशन. रसायनशास्त्राच्या लॅबमधली मफल फर्नेस (छोटी विजेची भट्टी) त्यासाठी मागून घेतली. वाळवलेली राख पोर्सिलीनच्या मुशीत तोलायची, तापवायची, डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) निववायची, पुन्हा तोलायची. वजन स्थिर होईपर्यंत हेच. भट्टीत गेलेली काळी भुकटी स्क्रबरच्या नमुन्यात फिक्या करड्या रंगाची होऊन बाहेर आली आणि तिचे वजन शेगडीच्या राखेपेक्षा कितीतरी जास्त घटले. न जळलेला कार्बन होता तो. शेगडीच्या राखेत कार्बन कमी, पण मूठभर घेऊन बोटांत चोळली की वाळू लागायची.

चाळून दळलेल्या राखेचे क्यूब तशाच वापरलेल्या राखेपेक्षा सरस निघाले, आयआयटी मद्रासच्या पेपरशी जुळणारे. फार मोठा शोध नव्हता आणि गटाने तसा दावाही केला नाही. रिपोर्टाच्या शेवटी ‘ऑप्टिमम पर्सेंटेज’ हा मथळाच नाही. त्याऐवजी आहे ते असे : या कारखान्याची राख वापरताना ती कुठून घेतली हे लिहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायव्हाचा बराचसा वेळ त्या एका वाक्यावर घालवला, आणि मुलांनी क्यूबा देशातल्या पेपरापासून आपल्या ढिगापर्यंत सगळे नीट सांगितले.

ग्रंथालयात काय बदलले

या प्रकरणानंतर ब्लॅक बुकांची नोंद आम्ही वेगळ्या रीतीने करतो. शीर्षकाबरोबर पदार्थाचे साधे नाव, नमुना कुठून घेतला ते गाव किंवा कारखाना, वापरलेली मानके वर्षासह, आणि चाचण्यांची नावे, हे सगळे कोहाच्या नोंदीत जाते. आता ‘बगॅस’ टाकले की चारही रिपोर्ट येतात. विभागप्रमुखांनी प्रत्येक रिपोर्टात ‘नमुन्याची माहिती’ हे पान सक्तीचे केले आहे : तारीख, ठिकाण, साठवण, वाळवण. कच्ची वजने आणि क्यूबांचे वैयक्तिक आकडे, फक्त सरासरी नव्हे, आमच्या डीस्पेस या डिजिटल भांडारात ठेवले जातात. सातव्या सत्राच्या सुरुवातीला, विषय ठरायच्या आधी, प्रत्येक गट ग्रंथालयात बसतो. विषय ठरल्यावर आलेल्या गटाला मी फार काही देऊ शकत नाही. तोवर मुलांचे मन टक्केवारीवर बसलेले असते.

संदर्भ हाताने टाइप करायचे बंद झाले, संदर्भ साठवून सूची आपोआप करणारी ‘झोटेरो’ ही प्रणाली मोफत आहे आणि तासाभरात शिकता येते.

गटाने एक प्रश्न उघडा ठेवला आहे. हंगाम संपल्यावर ढिगावर उरलेली राख पावसाळाभर भिजते. तिची क्रियाशीलता पुढच्या हंगामापर्यंत किती टिकते, हे त्यांना एका वर्षात तपासता येण्यासारखे नव्हते. त्यांनी जूनआधी घेतलेले नमुने हवाबंद डब्यांत, तारखेच्या चिठ्ठ्यांसह, काँक्रीट लॅबच्या कपाटात ठेवले आहेत, आणि डब्यांचे क्रमांक रिपोर्टाच्या सूचीनोंदीत लिहिलेले आहेत. तिसऱ्या वर्षातल्या दोन मुलींनी ती नोंद शोधून काढून डब्यांची चौकशी सुरू केली आहे.